अण्णांच्या नावाचं रक्त

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "अक्का, बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढलीत, काहीतरी अनुभव लिहा की. फक्त दिवाळी आहे, तेव्हा जरा गोड होऊ दे." मी म्हटलं, बाबा, जन्मभर मी गोडच मोजत आले, त्यातलंच लिहीन. लेख कोणत्या पानावर घालणार तेही विचारून घेतलं. एका बाजूला अनारशांची कृती आणि दुसऱ्या बाजूला मिठाईच्या दुकानाची पानभर जाहिरात. जागा अगदी योग्य निवडली आहे. अंक वाचून होईपर्यंत निम्म्या वाचकांना माझी गरज लागेलच, पण मी आता रिटायर झाले आहे, तेव्हा त्यांनी दुसरीकडे जावं.

मी लॅब टेक्निशियन होते. लोकांच्या भाषेत 'रक्त काढणारी अक्का'. बेंगळुरूच्या चिकपेटेत, आतल्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि मागच्या खोलीत माझी लॅब. डॉक्टर कन्नड, मी मराठी, पेशंट दोन्हीकडचे. गल्लीतली आमची मराठी घरं चार-पाच पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही. पुण्याचा पाहुणा आला की आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतो आणि जेवायला बसला की आमचं सारू, म्हणजे पातळ तिखट आमटी, तीनदा मागून घेतो.

ज्यांना अजून साखर झालेली नाही अशा भाग्यवंतांसाठी धंद्याची थोडी माहिती देते. सकाळी उपाशीपोटी यायचं. मी दंडाला रबरी पट्टा बांधणार, शीर शोधणार, रक्त काढणार आणि ते काचेच्या छोट्या नळीत भरून वर पेशंटचं नाव लिहिणार. ह्या नळीला आम्ही बल्ब म्हणतो. मग पेशंटने जाऊन रोज खातो तेच खायचं आणि बरोबर दोन तासांनी परत यायचं, पुन्हा एकदा रक्त द्यायला. एवढंच काम. त्यातला 'रोज खातो तेच' हा भाग बत्तीस वर्षांत फार थोड्यांनी पाळला असेल. माझ्या खिडकीतून समोरची दर्शिनी, म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल, स्वच्छ दिसायचं. एरवी मसाला डोशावर केसरी भात रिचवणारे गृहस्थ त्या सकाळी एक इडली घ्यायचे, तीही चटणीशिवाय, आणि चेहरा असा की श्राद्धाला जेवायला बसले आहेत. दोन तासांनी वर येऊन हात पुढे करायचे. रक्त काढून झालं की कापसाचा बोळा दाबत जिना उतरायचे आणि पाचव्या मिनिटाला त्याच दर्शिनीत चौ-चौ भात, म्हणजे एका ताटलीत तिखट उपमा आणि तुपातला गोड शिरा शेजारी शेजारी. मी खिडकीतून हात हलवला तर तेही हलवायचे.

देवनहळ्ळीचे एक गौडा पहाटेच्या बसने यायचे. येताना पिशवीभर पपनसं आणायचे, कारण तिकडची पपनसं नावाजलेली. एखादी फोड तुम्हीही खाल्लीत तर चालेल, असं मी एकदा त्यांना सांगितलं. तेव्हापासून ते दिवसाला तीन अख्खी पपनसं खाऊ लागले. डॉक्टर रागावले की गौडा माझ्याकडे बोट दाखवायचे, "अक्कांनी सांगितलंय." सल्ला द्यायचा नाही हे मी त्यांच्याकडून शिकले. आकडा लिहायचा आणि गप्प बसायचं. हे शिकून मी काय केलं ते आता सांगते.

आमच्या सगळ्या पेशंटांचे गुरू म्हणजे शंकरअण्णा. गल्लीतलं सगळ्यात मोठं कापडाचं दुकान त्यांचं. समाजाच्या लग्नाच्या हॉलचे अध्यक्ष तेच, भजनात पहिला आवाज त्यांचा आणि पंगतीत शेवटचा लाडूही त्यांचाच. दवाखान्यातल्या हातांच्या खुर्चीत ते बसत नसत, कारण उठताना खुर्चीही बरोबर उठायची. दारूच्या थेंबाला त्यांनी आयुष्यात स्पर्श केला नव्हता, आणि ही गोष्ट दर गुरुवारी भजनानंतर ते सगळ्यांना ऐकवत असत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तेव्हा पोटाची सोनोग्राफी गल्लीत नवीनच आली होती. अण्णांच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांनी त्यांना तिकडे पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पडद्यावर पाहिलं आणि सहज विचारलं, "रोज किती घेता?" शेजारी अण्णांच्या बायको उभ्या होत्या, गिरिजावहिनी. रिपोर्टमध्ये लिहून आलं, लिव्हरला चरबी. त्या काळी लिव्हरची चरबी म्हणजे दारू एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि काही डॉक्टरांनाही. वहिनींनी घरी जाऊन कपाटं उपसली, माळा उपसला, शेवटी दुकानाचं गोदाम उपसलं. कापडाच्या गठ्ठ्यांमागून मैसूरपाकाचे दोन डबे आणि धारवाडी पेढ्यांचा एक डबा निघाला. त्या धावत माझ्याकडे आल्या. "अक्का, दारू नाही हो, मैसूरपाक आहे!" त्यांना आनंद झाला होता की दुःख, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

रक्त तपासलं तर साखरही चढलेली. डॉक्टरांनी अण्णांना समोर बसवून समजावलं की पोटाला लागतं त्याहून जास्त भात आणि गोड गेलं की लिव्हर त्याची चरबी करून साठवतं, आणि साखर त्याच्या पाठोपाठ येते, ही दोन्ही एकाच घरातली. साखरेला गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. लिव्हरला मात्र गोळी नाही असं सांगितलं. भात निम्मा, गोड बंद, रोज पाऊण तास चालणं आणि वजन कमी, हेच त्याचं औषध. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही गोळी थोडी मोठी द्या, चालायचं नंतर बघू." गोळ्यांनी सुरुवातीला पोट बिघडलं म्हणून आठवड्यात त्या बंद केल्या, डॉक्टरांना न सांगता. उलट कोणीतरी सुचवलेलं लिव्हरचं टॉनिक आणलं. साखरेच्या पाकातलं ते सिरप अण्णांना फार आवडलं. दोन चमच्यांच्या जागी चार घ्यायचे.

तरीही दर तीन महिन्यांनी त्यांचा साखरेचा रिपोर्ट उत्तम यायचा, कारण अण्णांची एक पद्धत होती. तपासणीच्या आधी तीन दिवस सकाळी कारल्याचा रस, दोन्ही वेळा गोळ्या, भात बंद, आणि मफलर गुंडाळून लालबागेत चालणं. चौथ्या दिवशी माझ्याकडे रक्त, त्यानंतर दर्शिनी. तीन दिवसांत रक्तातली साखर बरीच खाली आणता येते, आणि आमची तपासणी फक्त त्या सकाळची साखर सांगायची. त्याआधीचे सत्त्याऐंशी दिवस माणूस काय करत होता ते तिला कळायचं काही कारण नव्हतं. एक रिपोर्ट तर इतका छान आला की अण्णांनी तो प्लास्टिकमध्ये मढवून दुकानात देवाच्या तसबिरीखाली लावला. साडी घ्यायला आलेल्या बायकांना अण्णा त्यावर व्याख्यान द्यायचे. "साखर म्हणजे मनाचा खेळ. मी जिंकला." गल्लीतले आणखी दहा-बारा जण त्यांची पद्धत शिकले, आणि आमचे डॉक्टर आपल्या औषधांवर खूश झाले. मी सगळं खिडकीतून बघत होते आणि आकडे लिहीत होते.

मग नवी तपासणी आली. ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन, हे नाव उच्चारेपर्यंत पेशंटची साखर वाढावी. पण गोष्ट सोपी आहे. रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण तीन-चार महिने. तेव्हा किती साखर चिकटली आहे ते मोजलं की तीन महिन्यांचा सगळा हिशेब एका आकड्यात येतो. उपाशी यायला नको, दुपारी या, संध्याकाळी या, कारल्याचा रस पिऊन या, काही फरक पडत नाही. आम्ही बल्ब मोठ्या लॅबकडे पाठवायचो आणि दोन दिवसांनी आकडा यायचा. नॉर्मल माणसाचा साडेपाचच्या आसपास. अण्णांचा साडेनऊ आला.

डॉक्टरांनी त्यांना तीन महिने दिले. तोवर सुधारलं नाही तर रोज पोटात इन्शुलिनचं इंजेक्शन, असं स्पष्ट सांगितलं. अण्णा सुईला फार भ्यायचे. मी दंडाला पट्टा बांधला की डोळे मिटून रामरक्षा सुरू करायचे, आणि मला शीर सापडेपर्यंत ती अर्धी व्हायची. सुईपेक्षाही मोठी भीती दुकानातल्या त्या मढवलेल्या रिपोर्टची होती. ज्याने साखर जिंकली त्याला इंजेक्शन, हे गल्लीला कसं सांगणार?

तीन महिने संपले, उगादी, म्हणजे आपला पाडवा, जवळ आली होती. सकाळी लॅबमध्ये अण्णांचा फोन आला.

"अक्का, आज मला येता येत नाही. पांडूला पाठवतो. रक्त त्याचं काढा, नाव माझं लिहा."

मी म्हटलं, "अण्णा, असं कसं?"

"त्यात काय? सख्खा भाऊ आहे, रक्त एकच. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा की."

स्वल्प म्हणजे थोडंसं. आमच्या गावात ह्या दोन शब्दांवर रिक्षात चौथा माणूस बसतो, बसच्या बाकावर तिसरा बसतो आणि सरकारी कचेरीतलं काम होतं. रक्तही त्यात बसेल असं अण्णांना वाटलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मी माझ्या मुलीच्या लग्नासाठी समाजाचा हॉल मागितला होता. वैशाखातली एकच तारीख जमत होती आणि त्या तारखेला आणखी दोघे टपलेले होते. हॉलची वही अण्णांकडे होती. त्यांनी फोनवर हॉलचा विषय काढला नाही. काढायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे अण्णा, पाठवा."

पांडुरंग म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. लग्न केलेलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला शिलाई मशीनवर सकाळी बसायचा तो दुकान बंद होईपर्यंत. त्याने शिवलेला ब्लाउज अंगावर चढला की बायका दुसऱ्या शिंप्याकडे जात नसत. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, एकाच गल्लीत वाढलेली, म्हणून त्याला अरे-तुरे करायची. पण गल्लीतली पोरंसोरंही करायची. अंगाने काटकी. 'पांडू काही खात नाही' हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते खरंही होतं. तो प्यायचा. बाय-टू कॉफी, म्हणजे एक कप दोघांत, तीन चमचे साखर घातलेली, दिवसाला पंधरा वेळा. ते खाण्यात धरत नाहीत. शंकरअण्णा हत्ती आणि पांडू काटकी, तेव्हा ह्याचं रक्त साखरेशिवायचं असणार, असा अण्णांचा सरळ हिशेब होता. माझाही तोच होता, मी स्वतःला वेगळी काढत नाही.

पांडू वर आला, बाही सरकवून बसला. मी पद्धतीप्रमाणे विचारलं, "नाव?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "अण्णांचं लिही म्हणून सांगितलंय."

शीर दोरीसारखी वर आलेली, एका टोचण्यात काम झालं. मी बल्बवर अण्णांचं नाव लिहिलं. हसूसुद्धा येत होतं मला. डॉक्टरांना आता साडेपाचचा आकडा मिळणार, आणि अण्णा तो आधीच्या रिपोर्टशेजारी मढवून लावणार.

आकडा आला बारा.

मी तो दोनदा वाचला. मोठ्या लॅबला फोन करून पुन्हा विचारलं. बाराच. बारा म्हणजे ज्याच्या अंगातलं ते रक्त, तो महिनोन्महिने साखरेत बुडालेला आहे आणि त्याला पत्ता नाही. कागदावर नाव शंकरअण्णांचं. डॉक्टरांनी गिरिजावहिनींना बोलावून सांगितलं की अण्णांची साखर हाताबाहेर गेली आहे, आता इन्शुलिन, आणि डोळे, किडनी, पाय सगळं तपासून घ्या. घरात रडारड झाली.

दुसऱ्या दिवशी अण्णा लॅबमध्ये आले, लाल होऊन. "तुमचं मशीन बिघडलंय. माझा आकडा बारा असूच शकत नाही." ह्या माणसाला आपला आकडा बारा नाही हे पक्कं ठाऊक होतं, आणि का नाही ते सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच आत्ता रक्त द्या, पुन्हा पाठवते." आता त्यांना दुसरा रस्ता नव्हता. पट्टा बांधला, रामरक्षा झाली, तिसऱ्या ठिकाणी शीर मिळाली. त्यांचा स्वतःचा आकडा साडेआठ आला. इंजेक्शनच्या भीतीने तीन महिने थोडा भात कमी केला होता बहुतेक. अण्णांना आकाश ठेंगणं झालं. "बघितलं? मशीनच बिघडलं होतं!" डॉक्टरांनी आधीच्या रिपोर्टवर तिरकी रेघ मारून लिहिलं, लॅबची चूक, आणि मला चार शब्द सुनावले. मी खाली मान घालून ऐकले. अण्णांचं इन्शुलिन टळलं, मला हॉलची तारीख मिळाली, सगळ्यांचं भलं झालं. बारा आकडा मात्र कोणाचाच उरला नाही.

मी पांडूला सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, जिना उतरून, पन्नास पावलांवर दुकान. मी स्वतःशी म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. आत्ता सांगितलं तर अण्णांचं बिंग फुटेल, माझी नोकरी जाईल, हॉल जाईल. दोन महिन्यांनी काय बिघडतं? बत्तीस वर्षांत हे वाक्य मी पेशंटांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आणि त्यांना हसले. माझ्या तोंडी ते किती सहज आलं.

लग्न झोकात झालं. पांडू लग्नात पाणी वाढत होता. वाढता वाढता जग उचलून स्वतःच पीत होता. पंगतीमागून पंगत चालू होती आणि मी त्याला पुन्हा पुन्हा मागच्या दाराकडे, मोरीकडे जाताना पाहत होते. अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. अशी तहान, असं वजन उतरणं, वरचेवर लघवीला जाणं, ह्याचा अर्थ कुणाला कळत असेल तर त्या हॉलमध्ये मला. मी मान फिरवली आणि विहीणबाईंना जिलबी वाढायला गेले.

लग्नानंतर आणखी एक बहाणा सापडला, मग आणखी एक. गौरी-गणपती आले. ते शिंप्यांचे कामाचे दिवस, तेव्हा पांडू दिसायचाच नाही. एका सकाळी तो अण्णांचा कसलासा रिपोर्ट न्यायला वर आला, लंगडत. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. मशीनची पायपट्टी तो अनवाणीच चालवायचा, तिच्या लोखंडाने खरचटलं होतं.

"कधी लागलं?"

"तीन आठवडे झाले असतील, अक्का. हळद लावतोय. दुखत नाही."

दुखत नाही हीच तर वाईट खूण. साखरेने पायाची जाणीव गेली की जखम दुखत नाही. मी चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता आणि शेजारचं बोटही. मी त्याला तसाच धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं, त्याला बाकावर बसवलं, आणि दार लावून डॉक्टरांना सगळं सांगितलं. फोन, बल्ब, बारा, हॉल, सगळं.

डॉक्टर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुला बारा आकडा दिसला. तो कोणाचा ते तुला माहीत होतं. आणि मी त्यावर रेघ मारताना तू समोर उभी होतीस."

मी म्हटलं, "मला जे नाव सांगितलं ते मी लिहिलं."

"हे कारकून बोलतो," ते म्हणाले आणि हॉस्पिटलला फोन लावू लागले.

पांडूची दोन बोटं गेली, अंगठा आणि शेजारचं. सडणं वर चढायच्या आत थांबलं म्हणून पाय वाचला, असं सर्जन म्हणाले. उगादीला कळलं असतं तर बोटंही वाचली असती, हे कोणी मला म्हणालं नाही. ते मला म्हणायला कुणाची गरज नव्हती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी अण्णांना गाठलं. म्हटलं, "अण्णा, तो बारा पांडूचा होता." अण्णा बाकावर बसले होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं मशीन बिघडलं." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना रडायला लागले. एवढा मोठा माणूस इतक्या बारीक आवाजात रडताना मी पाहिला नव्हता. मीही शेजारी बसून रडले. मशीनला बोल लावून आम्हा दोघांचीही सोय झाली होती.

आता ह्यापुढे जे झालं त्याचं श्रेय डॉक्टरांनी स्वतःकडे घेतलं, पण ते खरं अण्णांच्या घरातल्या एका जुन्या रीतीचं. वडील गेल्यापासून पांडू अण्णांच्या आधी घास घेत नसे, आणि अण्णांच्या ताटात असेल तेच आपल्या ताटात घ्यायचा. घरी आल्यावर वहिनींनी त्याच्यापुढे पथ्याचं ठेवलं, म्हणजे नाचणीची भाकरी, पालेभाजी, चमचाभर भात. त्याने अण्णांच्या ताटातल्या भाताच्या डोंगराकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "अण्णा जेवतील ते मी जेवतो." डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, तो ऐकेना. शेवटी अण्णांनी आपलं ताट वहिनींकडे सरकवलं आणि म्हणाले, "मलाही तेच वाढ." त्या दिवसापासून साखर न घातलेली कॉफी आधी अण्णा प्यायचे, वाकडं तोंड करून, मग पांडू. गोळी आधी अण्णांनी गिळायची. जखम भरल्यावर खास शिवून घेतलेल्या जाड चपला घालून दोघे लालबागेत चालायला लागले, पांडू काठी टेकत आणि अण्णा धापा टाकत. पांडूला इन्शुलिन लागत होतं. सुई तर त्याच्या हातचा मळ, स्वतःच टोचून घेतली असती. पण अण्णांनी माझ्याकडे येऊन संत्र्यावर सराव केला आणि रोज सकाळी धाकट्याला स्वतःच्या हाताने इंजेक्शन देऊ लागले. रामरक्षा तेव्हाही चालू असायचीच. दुकानातला मढवलेला रिपोर्ट कधी उतरला ते मला कळलं नाही.

दीड वर्षात अण्णांचं चौदा किलो वजन उतरलं. पुन्हा सोनोग्राफी केली तर लिव्हरची चरबी पुष्कळ कमी झालेली, आणि त्यांचा आकडा सातच्या खाली आलेला, तोही कारल्याच्या रसाशिवाय. लिव्हर हा भला अवयव आहे, वेळेवर शहाणपण आलं तर मागचं बरंचसं सोडून देतो. पायाची बोटं तशी नसतात. पांडू पुढे डाव्या पायाने मशीन चालवायला शिकला. पहिले काही महिने त्याची शिवण वाकडी जायची, आणि त्या वर्षी शिवलेले ब्लाउज बायकांनी बोलता न येऊन तसेच घातले.

माझी नोकरी गेली नाही. डॉक्टरांनी एवढंच केलं की पुढची सगळी वर्षं, प्रत्येक बल्बवर मी नाव लिहिलं की पेशंटला ते मोठ्याने वाचायला लावायचं, असा नियम घातला. पुढे नवी कंप्युटरवाली मुलं पुण्याहून इकडे आली, ती म्हणायची, काय हे, शाळेसारखं. मी म्हणायची, हो, शाळाच आहे, वाचा.

रिटायर व्हायच्या आठवड्यात पांडू नेहमीच्या तपासणीला आला. पट्टा बांधता बांधता मी इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "पांडू, उगादीचा तो आकडा तुझा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नाही. माझ्यामुळे तुझी बोटं गेली."

तो म्हणाला, "मलाही कळलं होतं की, अक्का."

माझा हात थांबला.

"रिपोर्ट घरी वाचला तेव्हा मी तिथेच होतो. बारा म्हणजे वाईट, हे वहिनींच्या तोंडावरून समजलं. रक्त माझं, हे मला माहीत नसणार का?"

"मग बोलला का नाहीस? अण्णांची अब्रू म्हणून?"

"ते होतंच." त्याने बाही आणखी वर सरकवली. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "पण त्या दिवशी घरात सगळे रडत होते. वहिनींनी देव पाण्यात ठेवले. पोरांनी जेवण टाकलं. नाव अण्णांचं होतं, पण रक्त माझं होतं ना. माझ्या रक्तासाठी कुणी एवढं रडलं नव्हतं कधी. म्हटलं, स्वल्प वेळ ऐकू दे."

मी शीर शोधायला खाली वाकले. बराच वेळ सापडली नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं.